डोक्याच्या वरची खिडकी

चंद्रपूरच्या एका दवाखान्यात मानसिक आजार झालेल्या पोरापोरींसाठी वॉर्ड बांधला, त्याचा नकाशा माझा. मी मुळातच भेदरट माणूस. एखाद्या लेकरानं जिवाचं बरंवाईट केलं तर काय, या धास्तीनं सगळ्या खिडक्या डोक्याच्या वर नेऊन बसवल्या. उजेड येईल, बाहेरचं काही दिसणार नाही. वर ‘सुरक्षित वॉर्ड’ म्हणून मिरवलंही, काय म्हणावं!

आठवड्यातच फोन आला. गोंडपिपरीकडची पंधरा वर्षांची पोरगी पलंगावर स्टूल ठेवून खिडकीकडे चढली आणि पडली. मी धावत पोचलो. हनुवटीला टाके, हाताला सलाईन, आणि ती कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसलेली. तीन दिवस अन्नाला शिवली नव्हती.

तिची आई पिशवी भरत होती. “उद्या नेतो तिले घरी. नाई पाह्यजे तुमचा इलाज.”

“काऊन बाई?”

“मोहफुलं वेचाले जातो तं एक जण वाकून वेचते, एक जण उभं राहून वाघाचं ध्यान ठेवते. इथी बाहेरचं काईच दिसत नाई. खाली मान घालून पोरगी जेवन कशी?”

घ्या! माझा जन्म याच जिल्ह्यात गेला आणि एवढं सुचलं नाही. स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली. हातापाया पडून बाईकडून दोन दिवस मागून घेतले.

दोन दिवसांत एक खिडकी कमरेपर्यंत खाली आणली. जाड, न फुटणारी काच, वीतभरच उघडणारी. मिस्त्रीनं हातोडी मारून दाखवली, तरी मी त्याला आणखी दोनदा मारायला लावली.

दुपारी आईनं पोरीला जेवणाच्या ताटासकट खिडकीपाशी आणलं. मी बाहेर, झुडपांजवळ उभा. तिनं काचेवर मूठ आपटली. पुन्हा आपटली. मी ओरडणारच होतो, तेवढ्यात फटीतून बारीक आवाज आला.

“भाऊ, मांगं पाहा.”

वळून पाहिलं. झुडपं, कुंपणाची भिंत, बस.

“काई नाई गं!”

“तसेच पाहत राहा. मी जेवून घेतो.”

मी तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो. आता आत काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. ती काचेशी काही करत असेल तर? जीव नुसता टांगणीला लागला होता. बऱ्याच वेळानं आतून तिच्या आईचा रडका आवाज आला, “अजून भात मागून राह्यली.”

मी वळलो नाही. ती जेवत होती.