आधार काय त्याला?

"आधार काय त्याला?" हे विचारताना मास्तर चष्मा कपाळावर चढवायचे आणि डावा तळहात पुढे करायचे. समोरच्यानं शास्त्रातलं वचन काढून तिथं ठेवायचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बोलण्यात कधी चूक नाही, आणि शेजारी बसावंसं कुणाला वाटत नाही.

कराडच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत ते दर रविवारी उपासनेनंतर सिद्धांताचा वर्ग घ्यायचे. देव, मनुष्य, पाप, तारण, शेवटच्या गोष्टी, असा क्रम ठरलेला. मध्येच कुणी स्वर्गाचं विचारलं, तर म्हणायचे, "अजून पापात आहोत आपण, थांबा." आपण विनोद केला हे त्यांच्या गावीही नसायचं.

वाद घालावा तर त्यांनीच. एकदा इंजिनिअरिंग कॉलेजातले एक प्राध्यापक मुद्दाम वर्गात आले. "देवानं जग केलं, मग देवाला कुणी केलं?"

"केलेल्या वस्तूला करणारा लागतो. देव केलेला नाही. तुमचा प्रश्नच चुकलाय," मास्तर म्हणाले आणि वही मिटली. मी दवाखान्यातला कंपाउंडर, पण आठवडाभर पेशंटांना तेच ऐकवत होतो.

बहात्तरच्या दुष्काळात माझी आई म्हसवडहून माझ्याकडे राहायला आली. मी बाप्तिस्मा घेतलेला. तिलाही घ्यायचा होता. "मेल्यावर तुज्याजवळ जागा मिळंल," एवढंच तिचं म्हणणं. बाप्तिस्मा नसेल तर आमच्या दफनभूमीत जागा नव्हती. पण आधी मास्तरांची परीक्षा.

"देव आणि मनुष्य यांच्यामध्ये मध्यस्थ कोण?"

उत्तर 'येशू' हवं होतं. आईनं पदर सावरला. "मध्यस्थ व्हय? आमच्या लग्नात मामाच हुतं मध्यस्थ. लय भला माणूस."

सगळे हसले. मीही हसलो. मास्तरांनी वहीत फुली मारली. दुसऱ्या खेपेला तिनं घाबरून परत मामांचंच नाव घेतलं. तिसरी खेप आलीच नाही. हगवण लागली आणि चार दिवसांत गेली.

मी मास्तरांचे पाय धरले. "मास्तर, येशूचं नाव घेतच गेली ओ ती."

त्यांनी चष्मा वर केला, तळहात पुढे केला. "आधार काय त्याला?"

आईला कुंपणाबाहेर बाभळीखाली पुरलं.

पुढं मी मंडळीचा पंच झालो, प्रभुभोजनाची भाकर वाटायचं काम माझ्याकडं आलं. त्याच वर्षी मास्तरांच्या बायकोला अर्धांगवायू झाला. वाचा गेली, माणसं ओळखू येईनात. मास्तर तिला भरवायचे, तिची वेणी घालायचे. वेणी कायम वाकडी. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर घ्यायच्या, एका रविवारी तिला कमरेला धरून ते पुढं घेऊन आले. भाकरीचं ताट माझ्या हातात होतं. ती भाकरीकडं बघून तोंड उघडत होती.

"हिलाही द्या," मास्तर म्हणाले. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

नियम त्यांनीच शिकवलेला. ज्याला स्वतःची परीक्षा करता येत नाही, त्यानं ही भाकर खाऊ नये. मी ताट एका हातात धरलं आणि दुसरा तळहात पुढं केला.

"आधार काय त्याला, मास्तर?"

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला. लय बरं वाटलं.

"नाही," मास्तर म्हणाले, "आधार नाही." मग तिचं उघडं तोंड हातानं मिटलं आणि तिला मागच्या बाकावर नेलं. नाताळाआधी ती गेली.

त्यानंतरही मास्तर प्रभुभोजनाला यायचे. मागच्या बाकावर बसायचे, भाकर न घेता ताट पुढं सरकवायचे. एकदा मी विचारलंच, "माझ्यावर राग धरलाय का?"

"छे. तुमचं बरोबर होतं. आधार नाही हे ठाऊक असून मी मागितली, म्हणून घेत नाही." मग चष्मा पुसत म्हणाले, "तुमच्या आईच्या वेळी माझंही बरोबरच होतं."

मास्तर जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी ताट अजून मागच्या बाकापर्यंत नेतो आणि स्वतः भाकर न घेताच परत आणतो. का, ते कुणी विचारत नाही.