वस्तादांची चिमूट

डेपोच्या कँटीनचे वस्ताद गरीब होते, पण स्वभावाने नव्हते. तरुणपणी ते ड्रायव्हर व्हायला म्हणून डेपोत आले. लेखी परीक्षा पास झाले, डोळे उत्तम निघाले, फक्त सीटवर बसल्यावर ब्रेकची आणि त्यांच्या पायाची काही केल्या भेट होईना. "थोडे दिवस कँटीनमध्ये थांब, बघू," असं कुणी तरी साहेब म्हणाले आणि नंतर बघायचं विसरले. वस्तादांचे ते थोडे दिवस अजून चालूच आहेत.

त्याच भरतीत शेजारच्या बाकावर बसलेला एक उंच तरुण मात्र ड्रायव्हर झाला. पहिल्याच आठवड्यात त्याने कँटीनचा रस्सा चाखला, बोटं चाटली आणि हा बुटका आचारी कुणाचा कोण, याची चौकशी केली. वर्षभरात आपली धाकटी बहीण त्याला देऊन मोकळा झाला. "याच्या हाताला चव आहे, माझी बहीण उपाशी राहायची नाही," असं तो लग्नात भेटेल त्याला सांगत होता. त्याचं म्हणणं खरं ठरलं. बहीण उपाशी तर राहिली नाहीच, उलट जिन्यात नवरा-बायको समोरासमोर आले तर आता एकाला मागे फिरावं लागतं. पण या लग्नाचं आणि या हाताचं सगळं श्रेय आपलं, हे मेव्हण्यांनी तेव्हापासून जे धरून ठेवलं ते आजतागायत सोडलेलं नाही. स्वतःची बायको वारल्यापासून मेव्हणे दोन्ही वेळा कँटीनमध्येच जेवत, आणि पहिला घास घेतला की स्वयंपाक आपणच केल्यासारखे आजूबाजूला बघत.

तर हा हात. वस्तादांनी जन्मात कधी मीठ मोजलं नाही. मीठ मोजणारा आचारी आणि स्टॉप मोजणारा ड्रायव्हर, दोघेही नवशिके, असं त्यांचं मत. ते चिमटीने मीठ घालत. चिमूट म्हटल्यावर तुमच्याआमच्या डोळ्यांपुढे दोन-तीन बोटं येतात. वस्तादांच्या चिमटीत पाचही बोटं सामील होत आणि तळवाही मागे राहत नसे.

आरोग्य खात्याचा आहारवर्ग डेपोत आला, कारण वार्षिक तपासणीत ड्रायव्हर-कंडक्टरांच्या रक्तदाबाचे आकडे बघून डॉक्टरांचाच रक्तदाब वाढला होता. वर्ग घ्यायला एक किडकिडीत ताई येत. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत एका कडीत ओवलेले मापाचे चमचे. बाजारातले हमाल, लाँड्रीतल्या बायका, शाळेबाहेर ताटकळणाऱ्या आया, असं एकेक शिकवत त्या इथवर आल्या होत्या. डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत एरवी घोरण्याशिवाय दुसरा आवाज नसे. तिथे दर मंगळवारी दुपारी त्या उभ्या राहू लागल्या. हे खाऊ नका, ते खाऊ नका, असं त्या म्हणत नसत, म्हणून लोक येत. वर्ग संपताना चाखायला काही तरी मिळे म्हणूनही येत, आणि खरं सांगायचं तर तेच कारण मोठं होतं.

एका मंगळवारी त्यांनी वस्तादांना पुढे बोलावलं. "वस्ताद, आज दुपारच्या रश्श्यात जेवढं मीठ घातलंत, तेवढं या परातीत घालून दाखवा."

वस्तादांनी ऐटीत बाही सारली आणि मुठी, माफ करा, चिमटी सोडायला सुरुवात केली. सोडून झाल्यावर टाळीची वाट बघत उभे राहिले. ताई मात्र छोटा चमचा घेऊन मोजायला बसल्या. मोजणं इतकं लांबलं की पुढच्या बाकावरचा एक कंडक्टर ड्यूटीची वेळ झाली म्हणून उठून गेला.

"मोठ्या माणसाला दिवसभरात, सगळ्या खाण्यात मिळून, सपाट एक छोटा चमचा पुरे होतो," ताई म्हणाल्या. "इथे माणशी हिशोब केला तर तो नुसत्या दुपारच्या रश्श्यातच संपला. रात्रीचं जेवण अजून व्हायचंय."

खोलीत हशा पिकला. सगळ्यांत मोठा आवाज मेव्हण्यांचा. "भावोजी, तुम्ही तर आम्हाला मुरवायलाच घातलंय!"

वस्तादांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. परक्या पोरीने माप काढावं आणि घरच्या माणसाने दात काढावेत? दुसऱ्या दिवशी त्यांनी रश्श्यात कणभरही मीठ घातलं नाही. लोक खवळतील, ताईंच्या नावाने बोंब मारतील आणि वर्ग बंद पडेल, असा त्यांचा डाव होता. लोक खवळले खरे, पण वस्तादांवर. टेबलांवरच्या मिठाच्या बरण्या हातोहात फिरल्या, आणि मेव्हण्यांनी तर बरणी ताटात जवळजवळ उपडीच केली. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

संध्याकाळी घरी गेले तर वस्तादीणबाई शांत बसल्या होत्या. त्या ओरडत असल्या की वस्ताद निर्धास्त असतात. शांत असल्या की चपला काढण्याआधीच, आज आपलं काय चुकलं, ते आठवायला लागतात.

"दादाच्या तपासणीचं कळलं का तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"कसलं? मला काही बोलले नाहीत ते."

"तुम्हाला सांगायचं म्हणजे डेपोच्या भोंग्यावरून सांगायचं. प्रेशर फार वाढलंय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, पण खाणं असंच राहिलं तर नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही म्हणाले. तीन महिन्यांनी परत बघणार. आकडा उतरला नाही तर गाडी काढून घेणार आणि चौकशीच्या खिडकीत बसवणार." बाईंनी नवऱ्याकडे रोखून बघितलं. "तो दोन्ही वेळा जेवतो कुठे हो?"

मेव्हण्यांना खिडकीत बसलेलं वस्तादांनी मनात आणून बघितलं, पण ते चित्र काही जमेना. ज्या माणसाने उभा जन्म रस्त्याकडे बघत काढला, त्याने आता लोकांच्या तोंडाकडे बघत बसायचं आणि नऊची गाडी कधी येणार ते सांगायचं? सहा महिन्यांत खंगेल तो. आणि हे आपल्या हातून होतंय. आपल्या हाताने माणसं पोसली जातात, एवढंच त्यांना आजवर माहीत होतं. त्या संध्याकाळी त्यांना स्वतःच्या हाताची पहिल्यांदाच भीती वाटली.

"उद्याच दादांना सांगतो, मीठ कमी खा म्हणून," ते म्हणाले.

"खबरदार! त्याला सांगितलं तर खिशात मिठाची पुडी घेऊन येईल. सांगून ऐकणारा आहे का तो? काय करायचं ते गुपचूप करा. तपासणी होईपर्यंत ब्र काढायचा नाही. नंतर हवं तर छपरावर चढून ओरडा."

वस्तादांनी शपथ घेतली. आता वस्तादांच्या पोटात फक्त अन्न राहतं, गोष्ट राहत नाही, हे उभ्या डेपोला ठाऊक होतं. तेव्हा ही शपथ म्हणजे साधं काम नव्हतं.

पुढच्या मंगळवारी वर्गाआधीच ते ताईंना गाठून उभे राहिले. खोटा खोकला काढून झाला, हवापाण्याचं बोलून झालं, मग सगळं सांगितलं. ताई हसल्या नाहीत, हे त्यांनी मनात नोंदवून ठेवलं.

"एकदम नाही काढायचं, वस्ताद," त्या म्हणाल्या. "एकदम काढलंत की जीभ बंड करते, ते तुम्ही पाहिलंतच. दर आठवड्याला थोडं थोडं कमी करा. जीभ हळूहळू विसरते. तोवर लिंबू पिळा, लसूण भाजून घाला, मिरी वाढवा. आणि टेबलावरच्या बरण्या आधी हलवा." मग कडीतून एक चमचा काढून त्यांनी वस्तादांच्या हातात ठेवला. वस्तादांनी तो चोरीच्या मालासारखा कमरेला खोचला.

बरण्या धुवायला म्हणून आत गेल्या. त्या इतक्या मळल्या होत्या की धुणं तीन महिने संपलं नाही. लोणच्याची बरणी पडून फुटली, असं जाहीर झालं. ती वस्तादीणबाईंच्या फडताळात धडधाकट उभी होती.

गंमत पहिल्याच दिवशी झाली. वस्तादांनी अजून कमी करायला सुरुवातही केली नव्हती, त्या दिवशी मीठ नेहमीचंच होतं, भरगच्च. मेव्हण्यांनी टेबलावर बरणी नाही हे बघितलं, घास घेतला आणि ताट सरकवलं. "अळणी!" नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, ते असं. एकदा संशय आला की समुद्रही गोड लागतो. वस्तादांना हसू आलं, पण ते फार दिवस टिकलं नाही. आठवडे जात गेले, चमचे खरोखरच कमी होत गेले आणि बोलणी वाढत गेली. कुणी म्हणे, पेशंटचं जेवण. कुणी म्हणे, वस्ताद रिटायर व्हायला आले. मेव्हणे सगळ्यांवर कडी करत. भर जेवणाच्या वेळी, सगळे ऐकतील अशा आवाजात ते म्हणाले, "भावोजी, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमचा हात गेला. मी ज्या हाताला बघून बहीण दिली, तो हा नव्हे."

पळी वस्तादांच्या हातात होती आणि मेव्हण्यांचं डोकं हाताच्या अंतरावर होतं. तरी काही झालं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते वस्तादांना त्या दिवशी कळलं. आत जाऊन त्यांनी अख्खी लसणीची जुडी चेचली, गरज नसताना.

मग एके दिवशी मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. साहेब चांगले होते, त्यामुळे जास्तच अवघड झालं. "वस्ताद, तक्रारी येतायत. एवढी वर्षं कधी आल्या नाहीत. काही अडचण आहे का?"

वस्तादांच्या ओठांवर सगळं आलं होतं. मेव्हण्यांचं प्रेशर, चमचा, ताई, सगळं. एका वाक्यात सुटका होती. पण साहेबांना सांगितलं की शिपायाला कळणार, शिपायाला कळलं की संध्याकाळपर्यंत मेव्हण्यांच्या खिशात पुडी. वस्तादांनी घाम पुसला आणि जन्मात कधी म्हटलं नव्हतं ते म्हणाले, "वय झालं, साहेब. हात पूर्वीसारखा राहिला नाही."

साहेबांनी मान हलवली. "थोडे दिवस बघू," ते म्हणाले. बाहेर आल्यावर वस्ताद बसच्या मागे जाऊन थोडा वेळ उभे राहिले. डोळ्यांत धूर गेला, असं त्यांनी क्लीनरला सांगितलं. गाडी बंद होती.

तपासणीच्या दिवशी कँटीनमध्ये दोन पातेली करपली. दुपारी मेव्हणे दारातून आत आले ते ताठ, टोपी कपाळावर. आकडा उतरला होता. गाडी राहिली होती. "गोळ्या वेळेवर घेतल्या, आणि चालणं!" ते टेबलाटेबलांवर सांगत फिरले. त्यांचं चालणं म्हणजे गाडीपासून कँटीनपर्यंत. वस्तादांनी तीन महिने मनात घोळवलेलं भाषण सरसावलं, पण त्यांच्यापाशी आल्यावर मेव्हण्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "भावोजी, खिडकीत बसायचं म्हणजे काय, या विचाराने झोप उडाली होती हो." त्यांनी टोपी काढून डोळे पुसले. वस्तादांचं भाषण जिभेवरच विरघळलं. एवढ्या ओल्या डोळ्यांच्या माणसापुढे आपली फुशारकी काय मारायची? त्यांनी फक्त ताट वाढलं.

साहेबांनी बक्षीस म्हणून मेव्हण्यांना लांब पल्ल्याची गाडी दिली. जाऊन, तिकडच्या डेपोत मुक्काम करून, दुसऱ्या दिवशी दुपारी ते परतले आणि तडक कँटीनमध्ये घुसले. हात न धुताच बसले. वस्तादांनी वाढलं. पहिला घास, दुसरा घास, आणि ताट अर्धं झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"भावोजी, तिकडचा आचारी बघायला हवा तुम्ही. मीठ म्हणजे काय, जीभ सोलून निघाली! दोन घास खाल्ले आणि उठलो. रात्रभर पाणी पीत होतो. लोक खातात कसं असलं?" त्यांनी रश्श्याचा भुरका मारला आणि डोळे मिटले. "आणि हे बघा. आज कसं बरोबर झालंय. तुमचा हात परत आला बरं का!"

शेजारच्या टेबलांवरच्या माना हलल्या. रस्सा कालचाच होता, परवाचा होता, गेल्या महिन्याचा होता, त्याच एका चमच्याने मोजलेल्या मिठाचा. वस्ताद पळी धरून उभे होते. शपथ सुटली होती, सगळे ऐकत होते, साहेबसुद्धा कोपऱ्यात जेवत होते. याहून चांगली वेळ आयुष्यात येणार नव्हती. त्यांनी तोंड उघडलं.

"खरं सांगा," मेव्हण्यांनी मध्येच विचारलं, "मीठ पुन्हा नीट घालायला लागलात ते कधीपासून?"

वस्तादांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांची ड्रायव्हरची टोपी टेबलावर ताटाशेजारी होती आणि चार वाजता त्यांची गाडी सुटायची होती.

"कालपासून, दादा."

"वाटलंच मला," मेव्हणे ताट पुढे करत म्हणाले. "सगळ्यांना फसवाल, पण माझ्या जिभेला फसवणं सोपं नाही."