दादांच्या पायाखालचा पत्रा

जुनी गाडी घरच्या घरी नीट करायला घेतली की गाडी नीट होतेच असं नाही, पण किस्से मात्र नक्की होतात. आणि तेही गंजासारखेच. वरून एवढासा टिपका दिसतो, खरवडायला जावं तर आत हातभर निघतं! आमच्या तीर्थपुरीत आजकाल मला कुणी "शेती कशी आहे?" असं विचारत नाही. "गण्या, गाडी किती उरली?" असं विचारतात. किती झाली, असं नाही. किती उरली!

चार माणसांत मला बोलता येत नाही. शाळा नववीत सोडली, त्यालाही वर्गात उभं राहून वाचून दाखवायची भीती हे एक कारण होतंच. म्हणून हे बसल्या बसल्या लिहून सांगतो.

*

गाडी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अंबडच्या एका मास्तरांकडून घेतली होती. मास्तर तिच्यातून शाळेत जायचे. आम्ही तिच्यातून युरिया आणायला लागलो. डिकीत पोती, मागच्या सीटवर पोती, गर्दी झाली तर पुढेही पोतं. पोत्यातून खत सांडायचं, रबरी मॅटखाली जायचं, ओल धरायचं आणि निवांत पत्रा खात बसायचं. वर मॅट असल्यामुळे आम्हाला पत्ता नाही.

एकदा अंबडहून येताना रस्त्यात अचानक खड्डा आला. मी ब्रेक दाबला. शेजारी बसलेल्या दादांनीही सवयीनं पाय दाबला. माझा ब्रेक लागला. दादांचा पाय मात्र मॅटसकट खाली गेला तो थेट रस्त्याला टेकायच्या बेतात! पाय वर आला, चप्पल आली नाही.

मागून एक मोटारसायकलवाला चप्पल घेऊन आला.

"काका, तुमची चप्पल पडली वाटतं."

दादा शांतपणे म्हणाले, "पडली न्हाई. उतरली."

घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं, "सुमनच्या साखरपुड्याला मी बसनं जाणार. माघारी आलो की भंगारवाल्याला बोलावतो. बिलकुल ठिवत न्हाई ही गाडी." सुमन म्हणजे वाटूरच्या मामांची मुलगी.

माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, मी करतो नीट."

दादांनी न विचारता मी त्यांच्याशी आपणहून काही बोललो, असं तोवर कधी झालं नसावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं. आम्हा दोघांवरही त्यांचा सारखाच भरवसा दिसला.

"बघ," एवढंच म्हणाले.

त्या एका "बघ"वर मी कामाला लागलो.

*

सुरुवात मोबाइलवरच्या व्हिडिओनं केली. व्हिडिओतला माणूस स्वच्छ कपडे घालून, गालातल्या गालात हसत सांगत होता, "गंज पूर्ण निघेपर्यंत घासायचं. खाली चकचकीत पत्रा लागला की थांबायचं."

मी ग्राइंडर लावला. घासत गेलो. गंज निघत गेला. चकचकीत पत्रा काही लागेना. थोडं अजून घासलं, तर पलीकडे भिंतीला टेकवलेली आमची सायकल दिसली.

गाडीच्या बंद दरवाजातून!

माय पीठ मळत होती. तिनं दारातूनच विचारलं, "काय रं, निघाला का गंज?"

"निघाला," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

*

पुढं डिकीचं काम काढायचं, तर डिकीत आमची कोंबडी अंडी घालून खुडूक बसलेली. डिकीचं कुलूप कधीच गेलं होतं, त्यामुळे तिला कुणाला विचारायची गरज पडली नव्हती. मी तिला उचलायला हात घातला तर एकदम माय ओरडली, "हात लावू नको तिला! तुझी गाडी काय कुठं चालली न्हाई. पिल्लं निघू दे, मंग कर काय करायचं ते."

झालं! साखरपुडा जवळ येऊन राह्यला आणि माझं काम कोंबडीमुळे बंद. येणारे-जाणारे विचारायचे, "का रे, काम थांबलं?" आता काय सांगणार? मी आपला "सामान यायचंय" म्हणायचो.

पिल्लं निघाली त्या सकाळी कोंबडी डिकीच्या काठावरून खाली उतरली. पिल्लांना काठ चढता येईना. मग ती एकेक करून डिकीच्या तळाला पडलेल्या भोकातून टपाटप खाली उतरली आणि आईमागं चालू लागली.

दादा ओसरीवरून बघत होते. म्हणाले, "या गाडीतून समद्यांनाच खालून उतरायची सवय लागली."

*

तळ वेल्डिंग करायला उद्धवला बोलावलं. उद्धव माझा दोस्त. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि गेट करतो. त्याच्या हाताला जाडच काम माहीत. आमच्या गाडीच्या पत्र्याला त्यानं वेल्डिंगचा रॉड टेकवला आणि पत्रा पापडासारखा जळाला. एक भोक बुजवायला गेला, चार झाली. चारांचं एक झालं तेव्हा त्यानं काळा चष्मा वर केला.

"गण्या, भोक एकच हाय आता."

"केवढं?"

"गाडीएवढं."

मग त्यानं दुकानातून ट्रॉलीचा पत्रा कापून आणला. आम्ही जुन्या तळाला लाल प्रायमर मारला, वर हा पत्रा अंथरला आणि जिथं जिथं धड लोखंड सापडलं तिथं नटबोल्ट आवळले. हत्ती उभा राहील असा तळ झाला. फक्त गाडी डावीकडे झुकली.

उद्धवनं लांब जाऊन एक डोळा मिटून पाहिलं. "बराबर हाय. दादा बसले न्हाई तरी गाडीला वाटंल बसलेत."

*

दरवाजाला मात्र पुट्टी भरली. थरावर थर. हात दुखेपर्यंत घासून असा गुळगुळीत केला की मला स्वतःचाच अभिमान वाटायला लागला. उद्धवला म्हणालो, "हात फिरवून बघ, कळतंय का कुठं भोक होतं?"

त्यानं हात नाही फिरवला. खिशातून फुटक्या स्पीकरचा लोहचुंबक काढला आणि दरवाजाला लावला. खाली पडला. दुसरीकडे लावला. पडला. शेवटी हँडलला चिकटला.

"तू दरवाजाला पुट्टी न्हाई लावली," उद्धव म्हणाला. "पुट्टीला हँडल लावलंय!"

*

राहिला रंग. गाडी चंदेरी. नेमका रंग मिळावा म्हणून मी पेट्रोलच्या टाकीवरचं झाकण काढलं आणि बसनं अंबडला निघालो. अशी वस्तू मळकी कशी न्यायची, म्हणून घासूनपुसून, मेण लावून चमकवली. लाजाळू माणसाचं असंच असतं, झाकणाचीसुद्धा लाज वाटते!

रंगाच्या दुकानदारानं झाकण उन्हात धरलं, मशिनवर रंग मिसळला आणि काडीचाही फरक नाही असा रंग दिला. त्याचं काही चुकलं नाही. बाकीची गाडी कित्येक उन्हाळे अंगणात उभी आहे, हे झाकणावरून त्याला कसं कळणार?

जिथं जिथं मी रंग मारला तिथं तिथं गाडी चमकायला लागली. उरलेली गाडी राखेसारखी. मायच्या माहेरी शेळ्या-मेंढ्या. तिनं कौतुकानं गाडीच्या पाठीवरून हात फिरवला.

"आमच्याकडं अशीच एक कबरी शेळी व्हती. लई गुणाची."

*

साखरपुड्याचा दिवस उजाडला. दादा पिशवी घेऊन बसस्टँडला निघाले. माय आधीच मागच्या सीटवर जाऊन बसली होती.

"मी चालले पोरासंगं. तुमी या बसनं. जल्दी या पण, साखरपुडा उरकायच्या आत."

दादांनी गाडीला एक चक्कर मारली. मग दार उघडलं, चपला काढून हातात घेतल्या आणि सीटवर चक्क मांडी घालून बसले. वाटूर येईपर्यंत ती मांडी सुटली नाही. गतिरोधकावर आदळलो तरी नाही.

मामांच्या दारात मांडव आणि मांडवाबाहेर सगळे पाहुणे. चपलेचा किस्सा आमच्या आधीच पोचला होता. मामा गाडीशी आले, काचेतून आत डोकावले आणि ओरडले, "अहो दाजी, मांडी घालून? अन् चपला हातात? भाचेबुवा, गाडीला खाली काही हाय का न्हाई?"

सगळा मांडव हसला. माझे कान तापले. ट्रॉलीचा पत्रा, नटबोल्ट, प्रायमर, सगळं जिभेवर आलं आणि तिथंच बसलं.

दादांनी सावकाश मांडी सोडली. चपला पायात घातल्या. वरच्या कडीला धरून ते सीटवरून अर्धे उठले आणि दाणकन पाय आपटला. मग दुसरा.

"माझ्या पोरानं ट्रॉलीचा पत्रा टाकलाय!" दादा मामांना म्हणाले. "या, तुमी बी नाचा!"

आणि त्यांनी पुन्हा एकदा, सगळ्या अंगानं, पाय आपटला.

तळ जागचा हलला नाही. आतला आरसा मात्र सुटून त्यांच्या पायाशी पडला.

दादांनी आरसा उचलला, त्यात बघून टोपी सारखी केली आणि तो माझ्या हातात दिला.

"खालचं झालं. आता वरचं बघ."