स्लाऊ ते ग्लासगो, मागच्या ट्रेलरमध्ये बुद्धमूर्ती

जय भीम मंडळी! पोचलो! ग्लासगोहून लिहितेय. चारशे मैल, आमची फोर-बाय-फोर, मागे बंद ट्रेलर आणि त्यात इथल्या नव्या विहाराची दगडी बुद्धमूर्ती. ट्रेलरची वेगळी टेस्ट आपल्या ग्रुपमध्ये फक्त मीच पास झालेय, म्हणून गाडी माझ्याकडे.

सकाळी स्लाऊला, माझ्यासोबत येणाऱ्या गायकवाडकाकांनी हॉलच्या सतरंज्या पुढे रचल्या आणि मूर्ती अगदी मागे, दाराशी ठेवली. “पोचल्यावर भगवंत सगळ्यांत आधी उतरले पाहिजेत.” मला ते चूक आहे हे कळत होतं, तरी मी मान डोलावली.

नव्वद मैलांवर, कॉव्हेंट्रीजवळ मोटरवेवर उतार लागला आणि ट्रेलर शेपटीसारखा झुलायला लागला. ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटर हळूच सोडला आणि पुढच्या सर्व्हिसेसला, म्हणजे मोटरवेवरच्या थांब्यावर, थांबले.

“काका, सगळं वजन मागे आहे. मूर्ती पुढे, ट्रेलरच्या चाकांवर घ्यायला हवी.”

“म्हणजे भगवंतांच्या आधी सतरंज्या उतरवायच्या?”

“हो. नाहीतर मी इथून हलणार नाही.”

काकांनी ट्रेलरचं दार उघडलं. मग स्वतःच सतरंज्या बाहेर काढायला लागले. मूर्तीखाली चाकं लावलेला पाट होता, दोघांनी ती पुढे ढकलली, पट्टे आवळले. पुढे ट्रेलर जरासुद्धा हलला नाही. विहाराच्या गल्लीत तर मी तो एका दमात रिव्हर्स घेतला!

आधी सतरंज्या उतरल्या, हॉलमध्ये अंथरल्या गेल्या. मूर्ती आत आली तेव्हा अख्खा हॉल वंदनेला तयार बसला होता.

काका म्हणाले, “बरं झालं गं. नाहीतर आपण सतरंज्या घालेपर्यंत भगवंतांना ताटकळावं लागलं असतं.”

खरं सांगा, मोठ्यांना ‘नाही’ म्हणायला तुम्हाला किती मैल लागतात? मला आज नव्वद लागले.