झुंबरबाईची सहा गावं

धावड्याच्या झुंबरबाई कासारणीला अक्षरओळख नव्हती. पण सन अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात बर्लिनमध्ये काय चाललंय हे भोकरदन तालुक्यात तिच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असेल, तर त्यानं पुढं यावं. निजामाच्या तहसीलदाराला तर बिलकुल ठाऊक नव्हतं.

याला कारण तिचा धंदा. नवरा कडूबा दम्यानं घरी बसलेला, त्यामुळं बांगड्यांचा माल आणायला तीच वऱ्हाडातल्या बाजाराला जायची. धावडा मोगलाईत, बाजार दोन कोसांवर वऱ्हाडात. सत्तेचाळीसच्या ऑगस्टपर्यंत हे दोन कोस म्हणजे नुसती पायपीट होती. त्यानंतर बाजार हिंदुस्थानात गेला आणि धावडा निजामाच्या खिशात राहिलं. मधे करोडगिरीचं नाकं. तिथला शिपाई डझनांचा हिशेब करून जकात घ्यायचा, टोपलीत बोटं खुपसायचा. पण बांगड्या ज्यात गुंडाळलेल्या असत त्या कागदाकडं तो ढुंकून पाहत नसे. तो कागद म्हणजे निजामाच्या राज्यात बंदी घातलेली मराठी वर्तमानपत्रं. मोठमोठे पुढारी सरहद्दीवर पकडले जात होते आणि ही बाई मुलखाच्या बातम्या काचेभोवती लपेटून दर बाजारी आणत होती.

कडूबाच्या ओसरीवर दुपारी ते कागद सरळ करून केशव वाचायचा. केशवनं पोस्टातली नोकरी लाथाडलेली, खादी धरलेली. आठदहा माणसं ऐकायला बसत. झुंबरबाई बांगड्या निवडता निवडता ऐकायची आणि ऐकलेलं आपल्या मापानं मापायची. बर्लिनचे चार सरकारांनी चार भाग केलेत, रस्ते बंद झालेत, पीठ न् कोळसा विमानानं टाकून राह्यलेत, हे केशवनं वाचलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे एका गावात चार कासार घुसले. मंग भांडणं न्हाई होनार तर काय?"

लोक हसले. तिनं विनोद केला नव्हता.

बांगड्या भरणाऱ्यांची गावं वाटलेली असतात. ज्याचं गाव त्यानंच तिथल्या लेकीसुनांच्या हातात बांगड्या भरायच्या, लग्नाचा चुडाही त्यानंच. दुसऱ्यानं त्या गावात टोपली उतरवायची नाही. धावड्याच्या आसपासची बारा गावं सासऱ्याच्या काळापासून दोघांत होती. सहा झुंबरबाईची, सहा चाँदबी मण्यारणीची. धावडा मोठं गाव म्हणून तेवढं मधोमध कापलेलं. मारुतीच्या पाराअलीकडची घरं झुंबरबाईची, पलीकडची चाँदबीची. रामराव पाटलाचं घर पलीकडं.

चाँदबी विधवा होती. तोंडानं फाटकी, हातानं हलकी. लहान मापाची बांगडी मोठ्या हातात चढवावी ती तिनंच. दोघी एकाच बाजारातून माल आणत आणि वाटभर एकमेकींच्या मालाला नावं ठेवत. चाँदबी म्हणे, झुंबरच्या बांगड्या सासूनं डोळे वटारले तरी तडकतात. झुंबरबाई म्हणे, चाँदबीच्या बांगड्यांचा रंग पहिल्या भाकरीच्या पिठालाच लागतो. चाँदबीचा एकुलता लेक उस्मान भोकरदनला रझाकारांत भरती झाला, तेव्हा मात्र झुंबरबाई त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही, आणि चाँदबीनंही कागदांबद्दल कधी विचारलं नाही.

सत्तेचाळीसच्या डिसेंबरात घोटाळा झाला. झुंबरबाईनं आणलेल्या एका पानावर ठळक छापलं होतं की हैदराबाद आणि हिंदुस्थान यांच्यात करार होऊन सह्या झाल्या. पान अर्धंच होतं. केशवनं मागं उलटून पाहिलं, खालचा भाग कुठाय विचारलं. झुंबरबाई म्हणाली, "तेवढंच मिळालं." केशवला तेवढं पुष्कळ झालं. सह्या झाल्या म्हणजे विलीन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मारुतीच्या देवळावर तिरंगा चढवला, गूळ वाटला. दुपारी नाक्यावरचे पोलीस आले. देऊळ उंचावर, नाक्यावरून झेंडा सरळ दिसत होता. केशवला पारापासून चावडीपर्यंत मारत नेलं. त्याची दोन बोटं कायमची वाकडी झाली, वर तीन महिने तुरुंग.

खालचं अर्धं पान आठ दिवसांनी टोपलीच्या तळाशी, एका डझनाभोवती सापडलं. तिनं ते बाजारात ओळखीच्या व्यापाऱ्याकडून वाचून घेतलं. करार एक वर्षाचा होता. एक वर्ष सगळं जसं आहे तसंच राहणार, म्हणजे निजाम राहणार, नाकं राहणार. पान तिनंच फाडलं होतं, दोन डझन बांगड्या नीट बसाव्यात म्हणून. घरी येऊन तिनं तो तुकडा चुलीत घातला आणि कडूबालाही सांगितलं नाही.

त्याच खेपेला नाक्यावर नवा जमादार बसला होता. धावड्यात कागद येतात कुठून, हे शोधायला. तो टोपल्या उलट्या करून एकेक कागद उलगडत होता. झुंबरबाईच्या टोपलीत चार सबंध पानं होती. पुढं दोन माणसं, मागं वाट नाही. मागून चाँदबी आली, आपली टोपली तिच्या पायाशी ठेवली आणि तिची उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतली.

"ये मेरी टोकरी है," ती जमादाराला म्हणाली. "उस्मान रजाकार की माँ हूँ मैं. खोलना है तो खोल, मंग उसको जवाब दे."

जमादारानं खोलली नाही. त्यानं झुंबरबाईच्या पायाशी ठेवलेली टोपली विस्कटली, तिच्यात बांगड्यांभोवती नुसतं गवत निघालं. ओढा ओलांडल्यावर चाँदबीनं टोपली परत दिली आणि पुढं घरापर्यंत शिव्या. शेवटी एवढंच म्हणाली, "किसी को बोलना नक्को. मेरे पोट्टे को कळलं तर मेरा घर गया." झुंबरबाई बोलली नाही. ते तोंड तिनं अकरा महिने बंद ठेवलं.

चैत्राच्या सुमारास रझाकारांनी आसपासची दोन गावं जाळली. रामराव पाटील बायकापोरं घेऊन वऱ्हाडात निघून गेले. अर्धं धावडा गेलं. सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली आणि पाचव्या दिवशी निजाम शरण गेला. पॅरिसमध्ये कुठल्याशा परिषदेपुढं हैदराबादचं गाऱ्हाणं निघालं होतं, त्याचा निकाल लागायच्या आत इथं निकाल लागला. दिल्लीत नकाशाचं भोक बुजलं. नकाशाचं भोक बुजवायला पाच दिवस पुरतात. गावाचं वेगळं असतं. गेलेले परत आले ते जळालेली घरं बघतच आले, आणि त्यांच्या मनात जे होतं ते त्यांनी बाहेर काढलं. उस्मान पळाला तो कुणाला पुन्हा दिसला नाही. चाँदबीचं छप्पर ओढून काढलं. ती गावाबाहेर फकिराच्या तकियाजवळ, पोत्याच्या आडोशाला राहू लागली.

तुळशीचं लग्न झाल्यावर रामरावांनी लेकीचं लग्न काढलं. उमाचं लग्न वऱ्हाडात ठरलेलं होतं आणि नाक्याच्या भानगडीत वर्षभर अडकलं होतं. रामरावांनी चुड्याला झुंबरबाईला बोलावणं धाडलं. ती गेली, पण टोपली उंबऱ्याबाहेरच ठेवली. अंगणात पंधरावीस माणसं होती. केशवही होता, आता गावाच्या नव्या कमिटीचा माणूस.

रामराव मोठ्या मनानं बोलले. आता राज्य आपलं आहे, सगळं एक झालं आहे, तेव्हा पलीकडची घरंही तूच घे आणि ती सहा गावंही. बाराच्या बारा तुझी. कोणी बोलणार नाही.

"पाटील, हे घर माझं न्हाई," झुंबरबाई म्हणाली. "चाँदबीला बोलवा."

मग केशव म्हणाला की झेंड्याची चुगली त्या बाईनंच लेकाकरवी पोचवली, हे सगळ्या गावाला माहीत आहे. त्यानं वाकडी बोटं वर धरली. "हे तिचं देणं आहे, झुंबरकाकू."

झुंबरबाईला त्या बोटांकडं बघवेना. तरी तिनं बघितलं. इथं गप्प बसली असती तर बारा गावं मिळत होती, आणि केशवच्या तोंडून कायम काकूच राहिली असती.

"माझं देणं हाये ते," ती म्हणाली. "पान म्या फाडलं होतं. खालच्या तुकड्यात लिव्हेल होतं की करार एक सालाचा. मला सापडला, म्या चुलीत घातला. झेंडा तर नाक्यावरूनच दिसत होता, चुगली कोन कशाला करतंय. आन् तुरुंगातून सुटल्यावर तुला जी पानं वाचायला भेटली, ती चाँदबीनं माझी टोपली डोक्यावर घेतली म्हून. इचार नाक्यावरच्या जमादाराला, जित्ता असंल तर."

नाक्यावर काय घडलं ते तिनं सगळं सांगितलं. न थांबता, हात न हलवता. केशवनं चपला घातल्या आणि तो निघून गेला. रामरावांनी तिला टोपली उचलायला सांगितलं. चुडा भरायला वऱ्हाडातून दुसरी कासारीण आणू म्हणाले. झुंबरबाई म्हणाली आणा, पण ती कासारीण असली तर दुसऱ्याच्या गावात टोपली उतरवणार न्हाई.

मुहूर्त संध्याकाळचा. दुपारपर्यंत उमाचे हात मोकळेच. शेवटी पाटलीणबाई दुर्गाबाई उठल्या, डोक्यावर पदर घेतला आणि नवऱ्याला न विचारता तकियाकडं चालू लागल्या. त्यांच्या स्वतःच्या हातात पहिला चुडा चाँदबीच्या सासूनं भरला होता.

चाँदबीकडं माल नव्हताच, लुटला गेला होता. तिनं झुंबरबाईच्या टोपलीतल्या बांगड्या घेतल्या, उजेडाला धरून पाहिल्या आणि पाटलाच्या अंगणात, सगळ्यांदेखत म्हणाली, "क्या माल है गे तेरा. नवरीला असला भरतेत का?" मग उमाचा हात मांडीवर घेतला. एकही बांगडी वाढली नाही.

हे एवढ्यावर गोड झालं असं कुणी समजू नये. चाँदबीच्या सहा गावांपैकी चार गावांनी तिला पुन्हा बोलावलं, दोन गावांनी दारात उभं केलं नाही. त्या दोन गावांतल्या बायकांनी झुंबरबाईला कितीदा निरोप धाडले, ती गेली नाही. त्या बायका बांगड्या भरायला बाजाराला पायी जात आणि दोघींनाही शिव्या देत. केशवनं ओसरीवर येणं बंद केलं.

पौषाच्या आधी एका दुपारी तो आला. झुंबरबाईनं कागद पुढं सरकवला. हा सबंध होता, चारी कोपरे शाबूत. कोरिया नावाच्या मुलखात दोन सरकारं झालीत आणि दोघंही म्हणतात की सगळा मुलूख आमचा, असं त्यात होतं. केशवनं वाचून दाखवलं आणि थांबला.

झुंबरबाई बांगड्या निवडत होती. "खालचंबी वाच," ती म्हणाली.