कोणी भरलंय ते आधी बघ

टपालाने आलेला फॉर्म हातात पडला की आंटी चष्मा कपाळावर सरकवून आधी अक्षर बघायच्या. "काय भरलंय ते मागून. कोणी भरलंय ते आधी बघ," असं त्या मला रोज एकदा तरी सांगत. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. नसेल तर तुमचं नशीब खोटं.

परळच्या एका इस्पितळात आमची छोटी खोली होती. लालबाग, करी रोड, शिवडीकडच्या काही माणसांच्या तब्येतीची आम्ही एका अभ्यासासाठी दरवर्षी चौकशी करायचो. छापील प्रश्न पाकिटातून जायचे, भरून परत यायचे. आंटी माझगावच्या. रविवारी चर्च आणि सोमवारी आमची टपालपेटी, दोन्हीकडे सारख्याच नेमाने हजर. परतीच्या पाकिटावर त्यांना रंगीत तिकीटच लागे. तिकीट लावलेलं पाकीट फेकून द्यायला माणसाचा हात धजत नाही, असं त्यांचं म्हणणं. लोकांना विचारायचं तर आपणही सांगायला हवं, म्हणून त्या स्वतःही या अभ्यासात दाखल झाल्या होत्या.

मी रुजू झालो तो मोबाइलवर फॉर्म भरायची लिंक घेऊनच. टपाल बंद करायचं साहेबांच्या मनात होतं. पहिल्याच संध्याकाळी ढीगभर उत्तरं आली, तेव्हा मी कॉलर ताठ करून आंटींना दाखवायला गेलो. त्यांनी मनापासून कौतुक केलं. तरुणांना लिंकच पाठव, म्हणाल्या, ती पोरं पाकीट विजेच्या बिलाखाली ठेवून विसरतात. मग एका नावावर त्यांचं बोट थांबलं. करी रोडच्या एक आजी. सगळीकडे 'त्रास नाही', आणि तेही दोन मिनिटांत.

"ह्यांनी गेल्या वर्षी गुडघ्यावर अर्धं पान लिहिलेलं. गुडघा काय लिंक बघून बरा झाला?"

त्यांनी आजींना कागद पाठवला. मी मनात हसलो. पंधरा दिवसांनी तो परत आला, समासात पेन्सिलीने लिहिलेलं: 'दहा पावलं चाललं की छातीत दाटतं. लिंक नातवाने भरली. त्याला कळवू नका, कळलं की तो कामावर खाडे करतो.'

आंटींनी नातवाला कळवलं नाही. दुपारी, तो कामावर असताना, आजींनाच फोन केला आणि गोडीगुलाबीने तपासणीला आणलं. वेळेवर आल्या, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या यादीत त्या ठणठणीत होत्या. मला स्वतःची फार लाज वाटली. म्हाताऱ्या माणसांसाठी टपाल चालू राहिलं ते त्या पेन्सिलीच्या दोन ओळींमुळे, आणि त्या मागवून घेणाऱ्या आंटींमुळे.

गेल्या वर्षी आंटी निवृत्त झाल्या. तुम्हाला कागद पाठवू ना, असं मी विचारलं, तर हसल्या. "मला लिंक पाठव रे. तुझा मान राहू दे."

यंदा त्यांचं उत्तर आलं. सगळीकडे 'त्रास नाही'. दोन मिनिटांत.

मी पाकीट काढलं, परतीच्या पाकिटावर रंगीत तिकीट लावलं आणि पोस्टात टाकून आलो. फॉर्म परत आला तेव्हा मी आधी अक्षर बघितलं. ओळी सोडून खाली उतरलेलं, थरथरतं, पण त्यांचंच. समासात एवढंच होतं: 'लिंक भाचीने भरली. तुला कळेल, वाटलंच होतं.'

मग मी उत्तरं वाचली. दुपारी फोन लावला, भाचीला नाही, आंटींनाच.