घोरणं दिसलं पाहिजे

आमच्या बालनाट्य मंडळात त्यांना सगळे कुजबूजताई म्हणायचे. बावीस वर्षं त्या प्रॉम्प्टर होत्या. विंगेत तिपाईवर बसायचं, मांडीवर नाटकाची वही, आणि नट अडखळला की पुढचा शब्द असा पोचवायचा की त्याला ऐकू जावा, पहिल्या रांगेला नाही. या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मी मंडळाचा वादक. माझी जागा त्यांच्या समोरच्या विंगेत, त्यामुळे हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

त्यांच्या घरात मात्र कुजबुजीला काही किंमत नव्हती. आईवडील दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं. वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, आई कपडे शिवायची, आणि घरातलं बोलणं, रागावणं, लाड, सगळं हातांनी. ताई तोंडाने बोलायच्या आधी हातांनी भांडायला शिकल्या. दुकानदार काय म्हणतो, डॉक्टर काय म्हणतात, हे आईला सांगायचं काम सात वर्षांच्या पोरीकडे. "शाळेतून माझी तक्रार आली, तरी ती आईला मीच सांगायचे," ताई हसत म्हणायच्या, "थोडी काटछाट करून."

एका रविवारी दुपारच्या प्रयोगाला तिसऱ्या रांगेत एक जोडपं बसलं होतं. मध्ये आठ-नऊ वर्षांची मुलगी. तिची अर्धी पाठ रंगमंचाकडे आणि हात सारखे चाललेले. कान नाटकाकडे, डोळे आईबाबांकडे. मध्यंतरात ताई विंगेतून उठून थेट तिच्यापाशी गेल्या.

"आवडलं का गं नाटक?"

"आईबाबांना आवडलं."

"आणि तुला?"

"मी कुठे बघितलं?" मुलगी सहज म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई दिग्दर्शकांच्या खोलीत उभ्या. मी तिथे तबल्याचं चामडं ताणत बसलो होतो.

"सर, पुढचं नाटक ऐकू येणाऱ्या आणि न येणाऱ्या, दोन्ही घरांनी शेजारी बसून बघायचं. एकाच वेळी हसायचं. आणि कुणाच्याही पोरीने मध्ये बसून अर्थ सांगत बसायचं नाही."

सरांनी चष्मा काढला. "अहो, पुढचं नाटक घोरणाऱ्या राक्षसाचं आहे. त्याच्या घोरण्याने गाव झोपत नाही, एवढीच तर गोष्ट. सगळा डोलारा आवाजावर. घोरणं ऐकूच आलं नाही तर उरलं काय?"

"घोरणं दिसलं पाहिजे," ताई म्हणाल्या. "कसं ते मी बघते."

पहिला प्रयत्न साफ फसला. रंगमंचाच्या कोपऱ्यात एक स्टूल ठेवलं, त्यावर उभं राहून ताई प्रत्येक वाक्य हातांनी सांगत होत्या. परीक्षक म्हणून त्यांनी आईलाच तालमीला आणलं. पंचाहत्तरीची काटक बाई, नजर सुईच्या टोकासारखी. अर्ध्या तासात त्या उठल्या, मान चोळत पुढे आल्या आणि हात झाडत बरंच काही बोलल्या. ताईंचा चेहरा पडला, तरी त्यांनी आम्हाला प्रामाणिकपणे सांगितलं. काटछाट न करता.

"आई म्हणते, मान मोडली. नाटक तिकडे, तू इकडे. तुझे हात बघू की राक्षस बघू? तुझं सांगून होईपर्यंत तिकडे सगळे हसून मोकळे."

सर म्हणाले, "मी म्हणत नव्हतो?"

"तुम्ही म्हणत होता की होणार नाही," ताई म्हणाल्या. "आई म्हणते असं होणार नाही. दोन्हींत फरक आहे."

चार दिवसांनी त्या एका माणसाला घेऊन आल्या. सहा फुटांच्या वर उंची, पिठाने पांढरे झालेले कोपर. बेकरीत पाव भाजायचा. त्याला ऐकू येत नव्हतं, पण नकला अशा करायचा की हसून हसून पोट दुखावं. ताई म्हणाल्या, "हा आपला राक्षस. हा हातांनीच बोलेल. आणि राक्षसाचा नोकर गावाला त्याचा अर्थ सांगेल. सगळा चुकीचा!"

सर टेबलावर थाप मारून हसले. राक्षस पोटावर हात ठेवून "भूक लागली" म्हणणार, आणि लबाड नोकर गावकऱ्यांना सांगणार, "मालक म्हणतात, नोकराला आठ दिवस सुट्टी द्या." खरं काय ते ऐकू न येणाऱ्या पोरांना आधी कळणार. ऐकणाऱ्यांना ते शेजाऱ्याकडून समजून घ्यावं लागणार.

मग तालमी रंगल्या. नोकराने गावाचं आणि स्वतःचं बोलणं हातांनीही सांगायचं होतं. त्याचं काम करणारा आमचा विनोदी नट खुणा शिकायला लागला, तेव्हा आईंनी त्याचे हात बघून शेरा मारला, "हा बोबडा आहे." बिचारा तीन आठवडे घरी आरशासमोर बसला. ताईंनी मलाही सोडलं नाही. "दादा, तुमचं वाजवणं पायांना ऐकू आलं पाहिजे." म्हणून मी तबला बाजूला ठेवला, मोठा ढोल फळ्यांवर आडवा टाकला. त्या फळ्या पहिल्या तीन रांगांच्या पायाखालून नेल्या. राक्षस श्वास घेई तेव्हा त्याची गोधडी छताकडे फुगे, दिवे मंद होत. श्वास सोडला की फळ्या थरथरत आणि गावातली भांडी उड्या मारत. माझ्या आयुष्यात मी इतकं चांगलं घोरणं वाजवलेलं नाही.

पहिल्या प्रयोगाला सभागृह भरलं. घंटेबरोबर दिवे तीनदा लुकलुकले. पहिल्याच घोरण्याला पुढची सगळी पोरं पाय वर घेऊन किंचाळली. ऐकणारी कोण आणि न ऐकणारी कोण, कुणाला ओळखू आलं नसतं. नोकराच्या प्रत्येक थापेला आधी खुणा जाणणाऱ्यांना हसू फुटे, मग खुर्च्याखुर्च्यांतून कोपरखळ्या, आणि मग सगळीकडून. "खोटं बोलतोय तो! त्याला भूक लागलीय!" एक चिमुरडी उभी राहून ओरडली.

आणि शेवटच्या प्रवेशात राक्षस अडला.

गावकरी विचारतात, बाबा रे, तुला हवंय तरी काय? त्यावर त्याने उशी मागायची. दगडावर डोकं ठेवून झोपतो म्हणून घोरतो, एवढंच त्याचं दुखणं. पण इतकी माणसं समोर बघून बेकरीवाल्याचे हात हवेतच थांबले. चेहरा कोरा. बावीस वर्षांची कुजबूज इथे काय कामाची?

ताईंनी वही खाली ठेवली. विंगेच्या कडेशी येऊन त्यांनी दोन्ही तळहात जुळवले, त्यावर गाल टेकवला आणि मग तळहात दोनदा दाबले. उशी. राक्षसाचं लक्ष नव्हतं. पण डाव्या बाजूच्या पोरांना विंग दिसत होती. एकाने पाहिलं, त्याने खूण केली. मग सात-आठ जणांनी. मग रांगच्या रांग. काय चाललंय ते न कळताही ऐकणाऱ्या पोरांनी गाल तिरके केले, त्यांच्या आयांनी, बापांनीही. राक्षसाने वर पाहिलं, तर समोर अडीचशे माणसं हातांच्या उशीवर डोकं ठेवून त्याच्याकडे बघत होती.

तो मोठ्याने हसला. त्याचं हसणं आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. मग त्याने इतक्या ऐटीत उशी मागितली की गावाने त्याला चार दिल्या.

पडदा पडल्यावर ताई मला म्हणाल्या, "माझं प्रॉम्प्टिंग आज पहिल्यांदा प्रेक्षकांना दिसलं. कामात कसूर झाली म्हणायची." पण बोलताना त्या ताठ उभ्या होत्या, आणि डोळे भरले होते ते त्यांनी पुसलेही नाहीत.

बाहेर कुणी घरी जायला तयार नव्हतं. ओट्यावर पोरं एकमेकांना खुणा शिकवत होती. बहुतेक शिव्या असाव्यात, कारण ताईंच्या आई लांबून डोळे वटारत होत्या.

त्या नाटकाचे साठावर प्रयोग झाले. पुढच्या नाटकाची वही तयार झाली तेव्हा सरांनी ताईंना बोलावलं. "हेही तसंच करून घ्या. दहा दिवसांत तालमी सुरू करू."

"नाही सर," ताई म्हणाल्या. "आधी लिहायचं आणि मग हात चिकटवायचे, असं नको. बेकरीवाला आणि त्याच्या ओळखीची चार माणसं यायची आहेत. लिहितानाच बसू सगळे."

सरांनी तयार वहीकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि ती खणात ठेवली. सोमवारी सकाळी तालमीच्या खोलीत आम्ही नऊ जण गोल बसलो. चार-पाच जणांचे हात एकदम चालू झाले, आणि ताईंनी पहिला नियम सांगितला, "एका वेळी एकानेच बोलायचं. हातांनीसुद्धा."